सुई घालण्याआधी: मेंढपाळ घरातल्या हायडॅटिड गाठीचं प्रकरण

बाई, वय 36, वजन 46 किलो. सांगोला तालुक्यातलं मेंढपाळ धनगर कुटुंब; साठेक मेंढ्या, दोन कुत्री, घरात नवरा, सासू आणि दोन मुलं. आठ-नऊ महिन्यांपासून उजव्या बरगडीखाली जड लागतं, थोडं खाल्लं तरी पोट भरतं, उजव्या कुशीवर झोपलं की आतून ओढ बसते. ताप नाही, कावीळ नाही, उलट्या नाहीत. पोट तपासताना यकृताची कड बरगडीखाली दोन बोटं हाताला लागते, गुळगुळीत, दाबलं तरी फारसं दुखत नाही.

(हायडॅटिड म्हणजे कुत्र्याच्या आतड्यातल्या एका पट्टकृमीच्या अंड्यापासून माणसाच्या यकृतात किंवा फुप्फुसात धरणारी पाण्याची गाठ. हे प्रकरण प्रातिनिधिक आहे. अशा रुग्णांत वारंवार दिसणाऱ्या गोष्टी एका घरात एकत्र मांडल्या आहेत. कुणा एका व्यक्तीची ही नोंद नाही.)

आधीचे आठ महिने 'पित्त' या एका शब्दात गेले. पित्ताच्या गोळ्या, पाचक औषधं, आणि मध्येच एकदा जंताची गोळी म्हणून अल्बेंडाझोल 400 मिलिग्रॅमचा एकच डोस. शाळा-अंगणवाड्यांत 10 फेब्रुवारी आणि 10 ऑगस्टच्या जंतनाशक दिनाला मुलांना देतात तीच ही गोळी. आतड्यातले गोल जंत, अंकुशकृमी यांच्यावर ती एका डोसात काम करते. यकृतातल्या गाठीपर्यंत मात्र औषधाची पुरेशी मात्रा पोचायला ते आठवडेच्या आठवडे रक्तात राहावं लागतं. त्या एका गोळीने गाठीवर काहीच परिणाम झाला नाही, पण 'जंताचं औषध झालंय' असा शेरा कागदावर बसला आणि पुढे जंताचा विचार कुणी केला नाही.

शेवटी तालुक्याला सोनोग्राफी झाली. अहवाल: यकृताच्या उजव्या भागात 8.4 × 8.0 × 7.8 सेंटिमीटरची पाण्याची साधी गाठ. खाली सल्ला: सुईने पाणी काढून पाहावं. केसपेपरवर व्यवसायाच्या रकान्यात 'गृहिणी' लिहिलेलं. मेंढपाळ घरातली बाई रोज कळपात असते, कुत्र्यांना भाकरी घालते, लेंड्या लोटते, घरी मेंढी कापली तर आतडी-काळीज साफ करते. रकान्यात यातलं काहीच नव्हतं. सोलापूरच्या सर्जरी ओपीडीत 'ताई, घरी कामधंदा काय?' एवढा एक प्रश्न विचारला गेला आणि निदानाची दिशा बदलली.

चित्रात काय दिसलं

सोलापूर भागात यकृतात मोठी द्रवाची गाठ दिसली की डॉक्टरांच्या मनात पहिल्यांदा अमिबाचा गळू येतो, आणि ते साहजिक आहे. त्या आजारात मोठा गळू सुईने रिकामा करणं हा नेहमीचा उपचार आहे, म्हणून हात सुईकडे जातो. पण गळूचा रुग्ण वेगळा दिसतो: बहुतेकदा पुरुष, अनेकदा दारू किंवा शिंदी पिणारा, दोन-तीन आठवड्यांचा ताप, बरगडीवर बोट ठेवलं तरी कळ. सोनोग्राफीत आतला भाग गढूळ आणि गाठीला स्वतःची ठळक भिंत नाही. या बाईला नऊ महिन्यांत एकदाही ताप नव्हता.

साधी गाठ असती तरी सुईचा उपयोग नव्हता. यकृतातल्या साध्या गाठीचं अस्तर पाणी झरवत राहतं. पाणी काढलं की काही आठवड्यांत ती पुन्हा भरते. त्रास नसेल तर तिला हात लावायचा नाही आणि त्रास असेल तर तिचं छत कापून मोकळं करायचं, हा तिचा रस्ता. म्हणजे त्या अहवालावरचा सल्ला निदान बरोबर धरलं तरी चुकलेलाच होता.

दुसऱ्या सोनोग्राफीत तीन गोष्टी मुद्दाम शोधल्या. भिंत एकेरी आहे की दुहेरी: दोन पांढऱ्या रेषा आणि मध्ये काळी फट दिसली. बाईला कुशीवर वळवल्यावर आत काही हलतं का: तळाशी बसलेले बारीक पांढरे कण उसळले आणि हळूहळू पुन्हा खाली बसले. आत पडदे किंवा पिल्लू-गाठी (मोठ्या गाठीच्या पोटात धरलेल्या लहान गाठी) आहेत का: नव्हत्या. दुहेरी रेषा आणि उसळणारी वाळू ही जोडी दिसली की हायडॅटिड सोडून दुसरं काही म्हणायला फारशी जागा राहत नाही. साध्या गाठीला ती दुहेरी रेषा नसते. रुग्णाला वळवून पाहायला अर्धा मिनिट लागतो. पहिल्या तपासणीत ते राहून गेलं असावं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात ही गाठ सीई-1. याच वर्गीकरणावर पुढचं सगळं उभं असतं, म्हणून अहवालात नुसतं 'हायडॅटिड' लिहून भागत नाही. सीई-1 म्हणजे जिवंत, एका कप्प्याची. सीई-2 मध्ये आत पिल्लू-गाठींचं पोळं झालेलं असतं. सीई-3अ मध्ये आतला पडदा सुटून पाण्यात तरंगतो. सीई-3ब मध्ये घट्ट झालेल्या गाभ्यात पिल्लू-गाठी उरतात. सीई-4 म्हणजे आतून घट्ट झालेली आणि सीई-5 म्हणजे चुना साठून कवच धरलेली. या दोन्ही बहुतेक वेळा निष्क्रिय.

रक्तात हिमोग्लोबिन 10.4, इओसिनोफिल (जंत किंवा ॲलर्जीत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी) 4 टक्के, यकृताच्या चाचण्या नॉर्मल. 'जंत असते तर इओसिनोफिल वाढले असते' हा समज इथे फसवतो: गाठ फुटलेली किंवा गळती लागलेली नसेल तर शरीराला आतल्या जंताचा पत्ताच लागत नाही आणि आकडा नॉर्मल राहू शकतो. हायडॅटिडची आयजीजी एलायझा, म्हणजे या जंताविरुद्धची प्रतिपिंडं शोधणारी रक्तचाचणी, पॉझिटिव्ह आली. ती निगेटिव्ह आली असती तरी निदान मागे घेतलं नसतं. न फुटलेल्या गाठीत ही चाचणी चुकू शकते आणि मेंदूत जंताच्या गाठी असलेल्या माणसात ती उगाच पॉझिटिव्हही येऊ शकते. निदान चित्रावर करायचं, रक्ताचा आधार घ्यायचा. छातीचा एक्स-रे प्रत्येक रुग्णाचा काढायचाच, कारण यकृताखालोखाल ही गाठ फुप्फुसात सापडते. इथे छाती साफ होती.

अंडं कुठून आलं

एकायनोकोकस ग्रॅन्युलोसस हा पट्टकृमी जेमतेम 3 ते 6 मिलिमीटर लांब. तो राहतो कुत्र्याच्या लहान आतड्यात, हजारोंच्या संख्येने, आणि कुत्र्याला काही म्हणता काही होत नाही. शेवटच्या खंडात काहीशे अंडी असतात. ती विष्ठेतून बाहेर पडतात, केसांना लागतात, चाटताना तोंडाला येतात. मेंढीने चरताना अंडं गिळलं की त्यातला अंकुर आतड्याची भिंत भेदून रक्तातून यकृतात किंवा फुप्फुसात जातो आणि तिथे पाण्याची गाठ धरतो. गाठीच्या आतल्या अस्तरावर सूक्ष्म मुंडकी तयार होतात. सोनोग्राफीत उसळली ती वाळू म्हणजे हीच. ते काळीज (म्हणजे यकृत) कुत्र्याने कच्चं खाल्लं की प्रत्येक मुंडक्याचा एक जंत होऊ शकतो, आणि साधारण 6 ते 7 आठवड्यांत तो अंडी घालायला लागतो.

माणूस या फेऱ्यात मेंढीच्या जागी चुकून येतो. माणसाचं यकृत कुत्रं खात नाही, तेव्हा फेरा तिथेच थांबतो. एका माणसाकडून दुसऱ्याला हा आजार लागत नाही.

गावात एक गैरसमज पक्का आहे: फोड असलेलं काळीज खाल्लं म्हणून पोटात गाठ झाली. तसं होत नाही. गाठीतली मुंडकी माणसाच्या पोटात गेली तरी त्यांची गाठ होत नाही. माणसाला फक्त अंडं लागू पडतं, आणि अंडं येतं कुत्र्याच्या विष्ठेतून: हाताला, पाण्याला, परसातल्या न धुतलेल्या मेथी-कोथिंबिरीला. त्यामुळे माळकरी, जन्मात मटण न खाल्लेला माणूसही या आजारातून सुटत नाही. उलट घरी मेंढी कापून काळीज चांगलं शिजवून खाणाऱ्याला त्या काळजापासून काही धोका नाही; धोका त्याने दारात कुत्र्यापुढे टाकलेल्या तुकड्यात आहे.

सोलापुरी उन्हाळा इथे थोडा आपल्या बाजूचा आहे. कोरड्या तापलेल्या जमिनीत ही अंडी लवकर मरतात. पण घरात ती राहतात ती जागा वेगळी: रांजणाखालची कायम ओली माती, मोरीचं पाणी जिरतं ती वाफ्याची कड, मेंढ्या पाणी पितात त्या डोणीभोवतीचा चिखल. गारव्यात आणि ओलीत अंडी महिनोन्महिने तग धरतात. फिनेल, डेटॉल, सॅनिटायझर यांनी मरत नाहीत; उकळत्या पाण्याने मरतात.

या बाईच्या घरात काय घडत होतं ते विचारल्यावर सरळ निघालं. जत्रेला कंदुरीची (नवसाची) मेंढी, आणि एरवी एखादी थकलेली मेंढी मरायला टेकली की ती घरी कापली जायची. काळजात पाण्याचे फोड दिसले की तेवढा भाग कापून 'हे काय खायचं नाय' म्हणत कुत्र्यापुढे टाकला जायचा. फोड तयार व्हायला आणि त्यात वाळू धरायला मेंढीत वर्षं लागतात, म्हणून कोकरापेक्षा म्हाताऱ्या मेंढीचं काळीज जास्त धोक्याचं, आणि घरी कापली जाते ती बहुतेकदा म्हातारीच. नेमका रोगट तुकडा नेमक्या चुकीच्या तोंडात जात होता.

बाईच्या पोटातली गाठ मात्र आजच्या कुत्र्यांची असेल असं नाही. वाढ मंद असते आणि माणसागणिक वेगळी, त्यामुळे आकारावरून वय काढता येत नाही. अंडं लहानपणी माहेरी गिळलं असेल तरी नवल नाही. म्हणून 'हल्ली कुत्र्याशी संबंध नाही' हे उत्तर निदानाविरुद्ध पुरावा धरायचा नाही.

काय करायचं ते कसं ठरलं

सीई-1 गाठ 5 सेंटिमीटरपेक्षा लहान असती तर फक्त अल्बेंडाझोलवर भागलं असतं. 8 सेंटिमीटरच्या गाठीत एकटं औषध अपुरं पडतं. पिल्लू-गाठी असत्या, म्हणजे सीई-2 किंवा सीई-3ब असती, तर शस्त्रक्रियेचा रस्ता धरावा लागला असता, कारण सुई एका कप्प्यात जाते आणि बाकीचे कप्पे तसेच जिवंत राहतात. ही गाठ एका कप्प्याची, सुईच्या वाटेत यकृताचा चांगला जाड थर असलेली, पित्तनलिका फुगलेल्या नाहीत. म्हणून निवड झाली 'पेअर' या पद्धतीची: सुई घाला, पाणी ओढा, जंतुमारक द्रव भरा, पुन्हा ओढून घ्या.

म्हणजे शेवटी सुईच. तालुक्याच्या कागदावरही सुईच लिहिली होती. पूर्वी हायडॅटिडला सुई लावणं वर्ज्य मानत, कारण दोन भीती: गाठीतलं पाणी पोटात सांडलं तर तीव्र ॲलर्जीने रुग्ण दगावू शकतो, आणि सांडलेल्या प्रत्येक मुंडक्याची पोटात नवी गाठ होऊ शकते. पुढे सुमारे सहा हजार सुई-उपचारांचा एकत्र आढावा निघाला; त्यात जीवघेण्या ॲलर्जीने दोन मृत्यू नोंदले होते. इतका कमी धोका तयारीनिशी केलेल्या सुईचा आहे. औषध आधी न देता, भूलतज्ज्ञ नसताना, सोनोग्राफीखाली वाट न ठरवता, 'साधी गाठ' समजून बाह्यरुग्ण खोलीत घातलेल्या सुईला हा आकडा लावता येत नाही.

उपचाराचा दिवस

अल्बेंडाझोल चार दिवस आधी सुरू केलं. किमान 4 तास आधी तरी पहिला डोस गेलाच पाहिजे. सांडलंच तर सांडलेली मुंडकी रुजू नयेत यासाठी. गोळीच्या आधी लघवीची गर्भचाचणी, कारण हे औषध गरोदरपणाच्या सुरुवातीला देत नाहीत. औषध चालू असताना आणि संपल्यावर एक महिना गर्भ राहणार नाही याची सोय नवरा-बायकोला एकत्र बसवून सांगितली.

टेबलावर घेण्याआधी हाताला जाड सलाइनची सुई, भूलतज्ज्ञ खोलीत हजर, ॲड्रेनॅलिन सिरिंजमध्ये भरून ट्रेवर. कपाटात असून उपयोग नाही. ॲलर्जीची पहिली खूण अंगावर पित्त उठणं, खोकला किंवा एकदम घसरलेलं बीपी असू शकते; लगेच मांडीच्या स्नायूत 0.5 मिलिग्रॅम, म्हणजे एकास हजार ताकदीचं 0.5 मिलिलिटर, आणि सलाइन सोडून द्यायचं. इथे गरज पडली नाही.

सुईची वाट बरगड्यांमधून, यकृताच्या जाड थरातून. गाठ जिथे पृष्ठभागाला टेकलेली दिसते तिथून जवळची वाट मोह घालते, पण सुई काढल्यावर भोक मिटवायला यकृताचा थर लागतो. तो नसेल तर पाणी सरळ पोटात पाझरतं.

पहिलं 10 ते 15 मिलिलिटर पाणी ओढून थांबले. ते पाणी स्फटिकासारखं स्वच्छ निघालं. इथे घाई केली तर सगळ्यात मोठी चूक होते. त्या पाण्यावर लघवीच्या तपासणीची पट्टी लावून बिलिरुबिन (पित्तातलं पिवळं द्रव्य) पाहिलं: निगेटिव्ह. पट्टी पॉझिटिव्ह आली असती, किंवा पाणी नुसतं पिवळसर दिसलं असतं, तर गाठ पित्तनलिकेशी जोडलेली आहे असा अर्थ. अशा गाठीत जंतुमारक द्रव भरला तर तो नलिकांत उतरून त्या जाळतो, आणि पित्तनलिका आकसण्याचा कायमचा आजार मागे लागतो. त्या स्थितीत द्रव न भरता बाहेर यायचं आणि दुसरा बेत करायचा. काही थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. हलणारी मुंडकी दिसली आणि निदान पक्कं झालं. मग थोडं कॉन्ट्रास्ट (एक्स-रेत उठून दिसणारा द्रव) भरून एक्स-रेच्या पडद्यावर नलिकांकडे गळती नाही हे पुन्हा पाहिलं. पट्टी आणि कॉन्ट्रास्ट, दोन्ही केलेलं बरं.

एकूण 250 मिलिलिटर निघालं. मग 20 टक्के मिठाचं निर्जंतुक पाणी, काढलेल्या पाण्याच्या साधारण एक तृतीयांश, म्हणजे 80 मिलिलिटर भरलं. घड्याळ लावून 15 मिनिटं थांबले. 10 मिनिटांपेक्षा कमी थांबलं तर काही मुंडकी जिवंत राहू शकतात. मग तेवढंच पुन्हा ओढून घेतलं, त्यातला थेंब पाहिला: मुंडकी हलत नव्हती. पडद्यावर आतलं अस्तर भिंतीपासून सुटून तरंगताना दिसलं, ही काम झाल्याची खूण. काढलेलं पाणी मोरीत न ओतता जंतुनाशक घालून जैविक कचऱ्यात गेलं. बाई रात्रभर देखरेखीखाली राहिली, दुसऱ्या दिवशी किंचित ताप आला, पॅरासिटामॉलवर उतरला आणि ती घरी गेली.

गोळ्या आणि भाकरी

अल्बेंडाझोलचं प्रमाण किलोमागे दिवसाला 10 ते 15 मिलिग्रॅम, दोन वेळात विभागून, जास्तीत जास्त 800. 46 किलोला ते 460 ते 690 बसतं. बाजारात गोळी 400 ची. म्हणून सकाळी एक आणि रात्री अर्धी, एकूण 600. पेअरनंतर किमान एक महिना गोळी चालू ठेवायची असते. गाठ मोठी असल्याने इथे 3 महिने ठरवली. पूर्वी महिनाभर गोळ्या, मग पंधरा दिवस सुट्टी असा क्रम देत. आता सलग देतात.

हे औषध पाण्यात विरघळत नाही. रिकाम्या पोटी घेतलं तर बहुतेक तसंच बाहेर पडतं. तेलकट-तुपकट जेवणासोबत रक्तातली मात्रा पाचपटीपर्यंत वाढते. जुन्या चिठ्ठ्यांवर 'रिकाम्या पोटी' लिहिलेलं अजून दिसतं. या आजारात ते चुकीचं. सोलापूर जिल्ह्यात स्निग्धाची वेगळी सोय करावी लागत नाही: भाकरीसोबत शेंगाचटणी, वर चमचाभर तेल किंवा तूप, नाहीतर कपभर साय असलेलं दूध. अडचण आली ती उपवासाला. बाई एकादशी धरायची आणि त्या दिवशी सकाळची गोळी नुसत्या चहावर घ्यायची. उपवास सोडा असं सांगून कुणी ऐकत नाही; गोळी शेंगदाण्याचं कूट घातलेल्या साबुदाण्याच्या खिचडीबरोबर घ्या, हे मात्र ऐकलं जातं.

पहिले 3 महिने दर दोन आठवड्यांनी रक्तपेशी आणि यकृताच्या चाचण्या. चौथ्या आठवड्यात एएलटी (यकृताला त्रास झाला की रक्तात वाढणारा आकडा) 92 आला, नॉर्मलची वरची मर्यादा 40 च्या आसपास. घाबरून गोळी बंद करण्याचा हा नेहमीचा टप्पा. दुपटी-तिपटीपर्यंतची वाढ अनेकदा दिसते. कावीळ, उलट्या नसतील तर गोळी चालू ठेवून आठवड्याने पुन्हा पाहतात. पाचपटीच्या वर गेली किंवा पांढऱ्या पेशी स्पष्ट घसरल्या तर थांबवतात. सहाव्या आठवड्यात ती 51 वर आली. केस थोडे गळले. औषध थांबल्यावर ते परत येतात हे आधीच सांगितलेलं असलं की रुग्ण मधेच सोडत नाही.

खरी अडचण वेगळीच होती: दिवाळीनंतर वाडा, म्हणजे मेंढ्यांसह फिरता मुक्काम, हलतो. कळप चराईला महिनोन्महिने बाहेर, आज या गावच्या शेतात बसवलेला, चार दिवसांनी पुढच्या. दर पंधरा दिवसांनी सोलापूरला येणं त्या काळात शक्य नव्हतं. म्हणून उपचाराची तारीखच वाडा परत आल्यावरची धरली. गाठ वर्षानुवर्षांची होती, ताप-कावीळ नव्हती. दोन महिने थांबण्यात मोठं नुकसान नव्हतं, मात्र अर्ध्यात गोळ्या तुटल्या असत्या तर होतं. या काळात पोटावर मार बसेल अशी कामं टाळायची आणि अचानक कळ, अंगावर पित्त, कावीळ किंवा थंडी-ताप आला तर जवळच्या मोठ्या दवाखान्यात 'हायडॅटिड' हा शब्द सांगायचा, एवढं कागदावर मराठीत लिहून दिलं.

सासूबाईंची गाठ

घरातल्या सगळ्यांची पोटाची सोनोग्राफी केली. मुलं आणि नवरा साफ. सासूबाईंच्या यकृतात 4 सेंटिमीटरची, पूर्ण चुना साठलेली गाठ, सीई-5. त्यांना कसलाच त्रास नव्हता. सुनेला गोळ्या आणि सुई, मग आजींना काहीच नाही का, असा नवऱ्याचा आग्रह होता. काहीच नाही. मेलेल्या गाठीला गोळी देऊन फक्त यकृताला त्रास होतो, आणि ऑपरेशन म्हणजे नसलेल्या आजाराचा धोका पत्करणं. वर्षातून एकदा सोनोग्राफी, बस. घरच्यांच्या तपासणीत उपचार नको असलेले लोक सापडतात आणि मग त्यांना उपचार न देणं हे जास्त कठीण काम होऊन बसतं.

कुत्री

दोन्ही कुत्री धडधाकट होती. विष्ठा तपासून फायदा नाही: हे अंडं दुसऱ्या पट्टकृमींच्या अंड्यांसारखंच दिसतं, आणि एक नमुना निगेटिव्ह आला म्हणजे कुत्रं स्वच्छ असंही नाही. म्हणून तपासणीत वेळ न घालवता औषध.

औषध प्राझिक्वांटेल, किलोमागे 5 मिलिग्रॅम. कुत्र्यांच्या बऱ्याच मिश्र गोळ्यांत ते 50 मिलिग्रॅम असतं, म्हणजे दहा किलोला एक गोळी. माणूस कुत्र्याला उचलून वजनकाट्यावर उभा राहिला, मग एकटा. फरक 18 आणि 22 किलो आला. 18 ला दोन, 22 ला सव्वादोन ते अडीच. पाकिटावर प्राझिक्वांटेल हे नाव वाचूनच घ्यायचं. कुत्र्याला 'जंताचं औषध' म्हणून आयव्हरमेक्टिन किंवा पायपराझिन दिलं जातं. त्यांनी हा जंत मरत नाही. गोळी गुळाच्या खड्यात भरून दिली तर धाकटं कुत्रं गूळ चाटून गोळी थुंकायचं. शिजलेल्या मटणाच्या तुकड्यात दिल्यावर गेली.

औषध जंत मारतं, अंडी मारत नाही. म्हणून गोळीनंतर 2-3 दिवस कुत्री बांधून ठेवायची आणि ती विष्ठा फावड्याने उचलून जाळायची किंवा खोल पुरायची. हे चुकलं तर औषध दिल्याच्याच आठवड्यात अंगणात सगळ्यात जास्त अंडी पडतात. पुढचा डोस सहा आठवड्यांनी, कारण त्या सुमाराला नवा जंत अंडी घालायच्या बेतात येतो. वर्षाकाठी आठ-नऊ डोस होतात. ही शिस्त राखणं अवघड आहे हे खरं; पण काळीज कुत्र्याला मिळणं बंद झालं तर डोस चुकल्याचं नुकसान खूप कमी होतं, म्हणून दोन्हींतलं एकच जमणार असेल तर आधी काळीज बंद करावं.

त्यासाठी घरामागे 4 फुटांचा खड्डा. फोडांचं काळीज, फुप्फुस त्यात, वर चुना, माती आणि दगड, कारण कुत्रं उकरतं. खणायला जागा नसलेल्या मुक्कामावर तुकडे करून अर्धा-पाऊण तास उकळायचं; मग ते कुत्र्याला घातलं तरी चालतं. मेंढपाळांना हा दुसरा पर्याय जास्त पटला. फुकट जाणारं काही टाकायचं नाही, हा त्यांचा हिशेब आहे आणि तो इथे आड येत नाही.

आइसलंडने एकोणिसाव्या शतकात याच दोन गोष्टींवर, म्हणजे कुत्र्यांना औषध आणि कत्तलीतली इंद्रियं कुत्र्यांपासून दूर, भर दिला आणि पुढे हा आजार तिथून गेला. न्यूझीलंडने 2002 मध्ये आपण तूर्त मुक्त झाल्याचं जाहीर केलं. दोन्ही बेटं, आणि दोन्हीकडे कुत्र्याला मालक असतो. सांगोल्यात घरची दोन कुत्री सांभाळली तरी मटण मार्केटमागची भटकी कुत्री त्याच पाणवठ्यावर येतात. ते काम एका घराचं नाही. नगरपालिकेच्या कत्तलखान्याच्या कुंपणाचं आणि कचरा उचलण्याच्या वेळेचं आहे.

बारा महिन्यांपर्यंत

सोनोग्राफी एका आठवड्याने, मग 1, 3, 6 आणि 12 महिन्यांनी. पहिल्या महिन्यात पोकळीत पुन्हा थोडं पाणी दिसलं आणि गावच्या डॉक्टरांनी 'गाठ परत भरली' असं सांगितलं. पेअरनंतर पाणी काही काळ साठतं. पाहायचं ते वेगळं असतं: दुहेरी रेषेची भिंत पुन्हा धरते आहे का, आत पिल्लू-गाठी येतात का. दोन्ही नव्हतं. 6 महिन्यांना गाठ 5.1 सेंटिमीटरवर, आत सुटलेल्या पडद्यांच्या गुंडाळ्या. 12 महिन्यांना 4.3 सेंटिमीटर, घट्ट, सीई-4 सारखी. गाठ चित्रातून नाहीशी होणार नाही हे उपचाराआधीच सांगावं लागतं, नाहीतर दर नव्या सोनोग्राफीवर नवा डॉक्टर ऑपरेशन सुचवतो. एलायझा अजून पॉझिटिव्ह होती. ती वर्षानुवर्षं तशी राहू शकते, तेव्हा ती पुन्हा पुन्हा करण्यात पैसे घालवायचे नाहीत.

पुढची 5 वर्षं दरवर्षी एक सोनोग्राफी, वाडा परत आल्यावर, सासूबाईंच्या तपासणीबरोबर. जुने फोटो प्लास्टिकच्या पिशवीत, पहिल्या अहवालासकट. तुलना मापांची करायची असते आणि ती मापं घरातच राहिलेली बरी.